सहा तुकडे

ऑक्टोबरात, बर्फ पडायच्या आधी,
हिल्काबाईंच्या मागच्या अंगणात
मी सहा तुकडे मांडून ठेवले.
मुलगी हेलसिंकीहून फोनवर म्हणाली, एवढं काय,
कॅटलॉग बघा आणि ठरवा.
मी म्हटलं, कॅटलॉगात बाराही महिने उन्हाळा असतो.
आमच्या कायानीत तो कोट न उतरवता येतो,
उभ्याउभ्या कॉफी पितो, निघतो.

बाई म्हणाल्या, राहू दे हिवाळाभर. मला घाई नाही.
घाई उर्होला होती.

उर्होने चौऱ्याऐंशी साली काँक्रीट ओतलं,
एका शनिवारी, दोन मेव्हण्यांना हाताशी धरून,
खाली खडी न घालता, थेट चिकणमातीवर.
पहिल्याच वसंतात तडा गेला
स्वयंपाकघराच्या दारापासून साउनापर्यंत,
सरळ नाही, पिऊन घरी निघालेल्या माणसासारखा.
दर मे महिन्यात उर्हो त्यात डांबर भरायचा.
दर एप्रिलात तडा ते थुंकून टाकायचा.
एकतीस वर्षं चालला हा संसार.

लोकांना वाटतं, थंडी दगड फोडते.
थंडी नुसती बाजूला उभी असते,
हात खिशात घालून.
फोडतं ते पाणी.
कणाकणांत शिरतं, गोठतं, अंग फुगवतं,
आणि खालची ओली माती
भट्टीतल्या भाकरीसारखी वर येते.
तिच्यावर संगमरवर घाला नाहीतर सोनं,
तिला उठायचं असलं की ती उठते.

हे मी बाईंना समजावून सांगितलं.
त्या म्हणाल्या, ठाऊक आहे रे,
चाळीस वर्षं सुईण होते मी.

एप्रिलच्या शेवटी फावड्याने बर्फ ओढला.
इटलीच्या टेराकोटाला खारीसारखे पापुद्रे सुटले होते,
मुलीचा आवडता रंग माझ्या बोटांना लागला.
वालुकाश्माचा एक कोपरा गेला होता,
कुठे गेला, सापडला नाही.
चकचकीत पोर्सेलिन मात्र शाबूत, अगदी शाबूत.
त्यावर पाय ठेवला आणि मी
हिल्काबाईंच्या पायांशी जाऊन बसलो.
बऱ्याच वेळ हसल्या. एकोणऐंशी वर्षांच्या बाईला
हे घालायचं नाही, एवढं तिथेच ठरलं.
लाकडावर शेवाळं. खडी तर अर्धी
बर्फाच्या फावड्याबरोबर शेजारच्या तेर्वोनेनांच्या
बटाट्यांच्या वाफ्यात.
उरला ग्रॅनाइट.
जुन्या मालधक्क्यावरून काढलेला ठोकळा, ओबडधोबड,
राखाडी. त्याच्याकडे बघून कळेना
हिवाळा येऊन गेला की यायचाय.

बाई तो उचलायला गेल्या. उचलेना.
हा, म्हणाल्या.
मग जरा थांबून:
सांध्यांत सिमेंट नको, नुसती वाळू घाल.
हलायचं तर हलू दे त्यांना,
पण ज्याचं त्याने.

जूनमध्ये काँक्रीट फोडलं. साठ सेंटीमीटर खणलं,
कापड, खडी, मग बारीक खडी, मग वाळू.
घरापासून उतार मीटरला दोन सेंटीमीटर,
पाण्याला वाट दाखवली की ते भांडायला येत नाही.
तड्यातलं डांबर सबंध निघालं,
काळं, लांब, कुठे कुठे उर्होच्या अंगठ्याने दाबलेलं.
मी ते ट्रॉलीत टाकत होतो. बाई म्हणाल्या, थांब.
बघितलं.
टाक, म्हणाल्या.

आता ठरवलेला उतार सोडला तर
कुठे तसूभर कमी-जास्त नाही.
पाणसळ लावून पाहिलंय, दोनदा.

ऑगस्टात उरलेले पैसे घ्यायला गेलो
तेव्हा बाई साउनाकडे निघाल्या होत्या, हातात बादली,
आणि दारापासून चौथ्या पावलाला,
जिथे आता काहीच नाही,
त्यांनी पाय जरा जास्त उचलला.

मी गाडीकडे गेलो
आणि पाणसळ पुन्हा काढून आणली.