एकवीस, ऐंशीपैकी

आगरवाड्याच्या वळणावर कदंबा थांबली
तेव्हा मोबाइल मी मांडीवर पालथा ठेवला होता,
नावडती भाजी पानाखाली सरकवावी तसा.
भौतिक रसायनशास्त्र: एकवीस, ऐंशीपैकी.
दुसऱ्यांदा.

बाबा आगरात, घोटाभर उन्हात,
लाकडी दांताळ्याने मीठ बांधाकडे ओढत होता.
"कितले?" त्याने वर न बघता विचारलं.
सांगितले.
"आणि होये कितले?"
"बत्तीस."
"अकरा कमी," एवढंच म्हणाला,
वाण्याकडची उधारी सांगावी तसं.
मला रडायचं होतं, पण मिठागरात रडणं
म्हणजे खाडीत तांब्या ओतणं.
कुणाला कळणार.

गंमत अशी की मी नापास झाले मिठातच.
प्रश्न पाच: संपृक्त द्रावण, स्फटिक कसे होतात,
आकृतीसह. सहा गुण.
त्या प्रश्नात मी लहानपणापासून अनवाणी चाललेय.
पाणी पिकलं की नाही
हे बाबा जिभेवर थेंब ठेवून सांगतो,
आई पोटरीच्या चुरचुरीवरून.
पेपरात पोटरीला गुण नाहीत.
फुर्तादो मॅडमनी वहीच्या कडेला लिहिलं होतं,
पेन्सिलीने, हवं तर पुसता येईल असं:
तुला कळतं. मांडता येत नाही.

रात्री दादा मोरजीहून आला, शॅकचा टी-शर्ट घालून.
रशियन आकडे त्याला शंभरपर्यंत पाठ.
"कॅश काउंटरला माणूस हवंय," म्हणाला, "उद्यापासून."
त्यात वाईट काहीच नव्हतं.
खरं सांगते, मी हो म्हणणारच होते.
निवेदा, मेल्विन, सगळे पुढच्या वर्षात,
आणि ग्रुपवर मी नुसते अंगठे पाठवत होते.

त्याच रात्री मार्चमध्ये सर आली,
कुणी न बोलावलेली. अर्धा तास.
सकाळी आगर म्हणजे गढूळ ताक.
बाबा आगराकडे पाठ करून विडी ओढत बसला.
संपल्यावर उठला.
पाणी सोडून दिलं, मानशीची फळी उचलून
भरतीचं नवं आत घेतलं,
आणि हात पाठीशी बांधून तळ तुडवायला लागला.
टाच, मग चवडा. टाच, मग चवडा.
"परत सगळं?"
"सगळं खंय? माती तयार आसा."
"किती दिवस?"
"आठ. ऊन पडला तर."
तो मला समजावत नव्हता.
तो मिठाबद्दलच बोलत होता.

मीही उतरले.
पावलागणिक एकेक समीकरण,
अडलं की मागच्या कोपऱ्यापासून पुन्हा.
आई बांधावरून ओरडली, "मंत्र म्हणतस काय गो?"
रोज जमलं असं नाही.
तिसऱ्या दिवशी वही भिरकावली, ती खेकड्याच्या बिळाशी पडली.
चौथ्या दिवशी झोपूनच राहिले.
पाचव्या दिवशी पेडण्याला मॅडमच्या दारात.
त्यांनी एकच व्याख्या नऊदा लिहून घेतली,
आठ खोडल्या.

फॉर्मची फी रस्त्याकडेच्या ढिगातून निघाली.
गाडीतली एक बाई म्हणाली, मीठ काळपट आहे.
म्हटलं, चाखून बघा.

परीक्षेला टाच चिरलेली होती,
आणि चपलेत कुठूनसा एक खडा.
तीन तास चुरचुरत राहिलं.
तेच आलं, प्रश्न दोनमध्ये, आकृतीसह.
पुस्तकातली व्याख्या लिहिली, नीट,
जीभ तोंडातच ठेवली.

निकाल जूनमध्ये.
"कितले येतले?" बाबाने विचारलं.
"बत्तीस. ऊन पडला तर."
तो दांताळं धूत होता, पाठमोरा.
हसला की नाही, दिसलं नाही.