पांढरेच फुगे घ्यायचे

पांढरेच घ्यायचे. लाल फुगा उजेड गिळून बसतो,
निळ्याचं तर नावच काढू नका.
हे मला कळायला तीन हिवाळे गेले.
तोवर या बालवाडीत किती फुगे वाया घालवले
त्याचा हिशोब तुरिडबाईंनी मागितला नाही,
मीही दिला नाही.

काड्या बंदरावरून आणते, इंगवाल्डच्या दुकानातून.
खलाशी त्या दोरीला बांधतात,
अंधारात जाळं कुठवर गेलंय ते दिसावं म्हणून.
तो मोजून बारा देतो, वर दोन,
आणि म्हणतो, पोरांना सांग, चावायच्या नाहीत.
चावायच्या नाहीत.
सकाळपासून अकरा वेळा सांगून झालंय.

फिनमार्क. डिसेंबरची आठ तारीख.
सूर्य आता जानेवारीतच.
साडेअकराला खिडकीत थोडं निळं उतरतं,
पाणी घातलेल्या दुधासारखं,
आणि पोरांचे हात धुऊन होईस्तोवर
तेही संपतं.

आधी काडी आत सरकवायची. मग फुगवायचं.
कविनचे गाल टम्म होतात, फुगा होत नाही.
त्याचा बाप कारखान्यात कॉड सोलतो, आई रात्रपाळीला,
आणि मदत घ्यायची नाही हे त्यानं
दोघांकडून उचललंय.
अर्धाच फुगवलेला फुगा तो मला गाठ मारायला देतो,
लिंबाएवढा.
मी मोठ्या गंभीरपणे गाठ मारते.

गाठ मारल्यावरच, फुग्याच्या बाहेरून,
काडी हलकेच चिमटीत धरायची
आणि
कट्.

मोडलं की लागतं, एवढं त्यांना माहीत असतं,
गुडघ्यांवर खुणा आहेत.
पण मोडलं की असंही लागतं,
दिव्यासारखं,
हे दर वर्षी नव्यानं कुणाला तरी कळतं
आणि त्या चेहऱ्यासाठी मी
निवृत्तीचा अर्ज अजून भरलेला नाही.

दिवे बंद.
चौदा हिरवट चंद्र, एकही जागेवर नाही.
खाली पडू द्यायचा नाही, एवढाच नियम,
तोही ओद्दवारनं लगेच मोडला.
त्याचा फुगा कोटांच्या खुंटीवर गेला. फाट्.
सगळे गप्प.
जमिनीवर काडी पडलेली, उघडी, तशीच उजळत.
"कपडे फाटले त्याचे," कविन म्हणाला,
आणि आपल्या लिंबाला छातीशी धरून बसला.

मारेत खेळत नव्हती.
मारेत दारापाशी बूट घालत होती, उलटसुलट.
मी मागोमाग गेले. तिनं फुगा बर्फात खोचला,
वर बर्फ लोटला, आणि उभी राहिली
चुलीवर काही ठेवल्यासारखी.
फुगा आक्रसला. उजेड मंदावत मंदावत
राखेखालच्या निखाऱ्याएवढा उरला.
"मेला!" खिडकीतून ओद्दवार. तो जरा खूशच होता,
आता दोघांचे गेले.
"झोपलाय," मारेत म्हणाली. "उठवू नका."

मग आत आणला. पोटाशी धरला, स्वेटरच्या आत.
आधी काहीच नाही. मग लोकरीच्या विणीतून,
टाक्याटाक्यातून, हिरवं.

"आमच्या फ्रीजरमध्ये एक आहे," ती मला म्हणाली,
"रेनडियरच्या मांसामागे. उन्हाळ्यातली."
पाकिटावर आठ तास लिहिलंय.
थंडीत ठेवली तर फार तर काही दिवस.
मी चष्मा पुसला आणि म्हटलं, "अस्सं?"

संध्याकाळी झाडताना जास्तीच्या दोन सापडल्या.
एक कोरी, ती ठेवून दिली.
दुसरी कुणीतरी चावलेली, वाकलेली, पेटलेली.
दातांचे ठसे बघून कोण ते मला कळलं.

ती घरी नेली. मटारच्या पिशवीमागे ठेवली.
रात्री दोनदा उठले. दार उघडलं
की फ्रीजचा स्वतःचाच दिवा लागतो, त्यात काय दिसणार.
शेवटी ते बटण बोटानं दाबून धरलं,
एकसष्ट वर्षांची बाई, अनवाणी,
आणि थांबले
डोळ्यांना सवय होईपर्यंत.