दुपारीच बांधायचा

एकतीस वर्षं चोपड्याच्या सरकारी दवाखान्यात
मी प्लास्टर घातलं.
मनगटं, नडग्या, चिंचेवरून पडलेल्या पोरांची कोपरं,
बैलगाडीखालून निघालेला एक गुडघा.
आता गच्चीवर, हिरव्या जाळीखाली
अकरा कुंड्या आहेत सिंबिडियमच्या,
आणि हाताची सवय तीच :
आधी चाचपायचं.

पहिले कंद गोरख सोनवण्याने दिले.
फौजेत होता, सिक्कीमला.
त्याच्या मांडीला कधीकाळी मीच प्लास्टर घातलं होतं.
सुट्टीवर आला तो वर्तमानपत्रात चार कंद गुंडाळून.
म्हणाला, काका, याला थंडी लागते.
मी म्हटलं, बाबा, आमच्या टाकीतलं पाणी
मे महिन्यात थेट चहाला चालतं.

तरी जगवले.
कोळसा, विटेचे तुकडे, नारळाची शेंडी,
भोवती ओली पोती, दुपारी कूलरसमोर.
इंदू म्हणाली, पोरांना नाही बसवलं कधी एवढं कूलरसमोर.
तीन वर्षं नुसती पानं.

चौथ्या वर्षी थंडी पडली.
सातपुड्यावरून उतरून आली ती
नळाला हात लावू देईना.
सुपडूअण्णा रात्रभर केळीच्या बांधावर
काडीकचरा पेटवून धूर करत बसले,
पानं पिवळी पडत चालली होती त्यांची.
आणि मी इथे गच्चीवर
कुंड्यांवरचं गोणपाट काढून घेत होतो,
हीच रात्र लागू दे म्हणून.
लाज वाटली.
गोणपाट काढलंच पण.

पौषात बुडाशी कोंब.
पानाचा कोंब चपटा असतो, टोकाला फाकतो.
फुलाचा गोल, पेन्सिलीसारखा,
दाबला तर आत थोडा पोकळ.
दोन बोटांनी दाबला.
पोकळ.
दोन दिवस कोणाला सांगितलं नाही.

मग बांबूच्या कामट्या तासल्या,
बँडेजच्या पट्ट्या कापल्या,
आठाच्या आकड्यात गाठी मारायच्या ठरवल्या,
आणि एका सकाळी, पाणी घालून झाल्या झाल्या
दांडा सरळ करायला गेलो.

टक्.

हा आवाज मी ओळखतो.
हाड असतं तर सहा आठवड्यांत जमवलं असतं.

तुटका दांडा पेल्यात ठेवून आठवडाभर बघत बसलो.
पोटभर पाणी प्यालेला तो वाकत नाही, मोडतो.
दुपारी, तहानेने जरा मऊ पडला की
तेव्हा कुठे ऐकतो, तेही रोज बोटभर.
आणि कुंडी फिरवायची नाही.
उजेडाकडे त्याने जी बाजू धरली
ती त्याची.

दुसऱ्या कुंडीतला फाल्गुनात फुलला.
तेरा फुलं, पिवळट हिरवी, ओठावर तांबडे ठिपके.
सुपडूअण्णा जिना चढून आले.
अर्धा बाग गेला होता त्यांचा त्या थंडीत.
"हाई कसानं फूल शे, भाऊ? पूजानं का खावानं?"
दोन्ही नाही, म्हटलं.
"मंग?"
मला सांगता येईना.
ते वाकले, कामटीवरून अंगठा फिरवला.
"हाई तं टेकू शे. आमना घडले बी असाच देतस."
माझी एक गाठ सोडली त्यांनी
आणि आपल्या पद्धतीने पुन्हा बांधली,
आधीपेक्षा सैल.
चहा न घेता गेले.
ती गाठ मी अजून तशीच ठेवलीय.

इंदूचं मनगटही मीच बसवलं होतं, लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी.
नवी नोकरी, हात थरथरत होता माझा.
जरा तिरकंच जुळलं.
त्याच हाताने तिने इतक्या वर्षांच्या भाकरी थापल्या,
एकीकडे किंचित जाड.

यंदा नवव्या कुंडीत दांडा आलाय,
कठड्यावरून वाकून
सुपडूअण्णांच्या अंगणात डोकावतो.
"याला काडी नाही लावली?"
इंदू विचारते, झारी त्याच हाताने तिरपी धरत.
दुपार होऊ दे, मी म्हणतो.

दुपार होते.
मी झोपून जातो.