बटण सोड, हानुस

पहाटेचे पावणेचार. कॉफी कधीच निवलेली.
चॅनेल सोळावर रात्रभर नुसती खरखर
आणि मग एकदम तो:
मेडे, मेडे, मेडे,
ब्लोहामार, ब्लोहामार, ब्लोहामार.
इथवर अगदी नियमाप्रमाणे.

पुढे ठिकाण सांगायचं असतं.
अंश, मिनिटं, झालंय काय, माणसं किती.
तो म्हणाला, इंजिनात पाणी शिरलंय.
म्हणाला, नातू आहे सोबत, बोरुर, चौदाचा,
त्याची आई नको म्हणत होती,
मीच म्हटलं येऊ दे, कॉड लागलाय, शिकेल जरा.
म्हणाला, बूट भरलेत त्याचे.
म्हणाला, कुणी आहे का तिथे?
कुणी ऐकतंय का?

मी होते. मी ऐकत होते.
पण अंगठा बटणावर होता त्याचा,
आणि ते दाबलेलं असेपर्यंत
पलीकडे काही पोचत नाही,
ना माझा आवाज, ना देवाचा.
जीव मुठीत धरून म्हणतात ना,
तसा त्याने तो माईक धरला होता
आणि मूठ उघडल्याशिवाय
जीव काही वाचत नव्हता.

चार मिनिटं.
पंपाची धाप, गडगडत गेलेला एक डबा,
अर्धं स्तोत्र, मग पंपालाच शिवी.
मी टेबलाशी उभी राहून ओरडत होते,
बटण सोड, हानुस.
खोटं कशाला बोलू, नाव मला नंतर कळलं,
तेव्हा मी नुसतीच ‘अरे बाबा, अरे बाबा’ करत होते.

मग लांबून, नुकताच फुटू लागलेला आवाज:
आबा, सोड ना ते. त्यांना बोलू दे की.

टक्.

त्या फटीतून मी शिरले.
ब्लोहामार, ऐकतेय मी. कुठे आहात?
बासष्ट अंश दोन मिनिटं उत्तर,
पोरगा पाढे म्हणावेत तसा वाचत होता,
सात अंश चौतीस मिनिटं पश्चिम.
मिचिनेसच्या खाली, उघड्या पाण्यात.
जॅकेटं घातलीत का दोघांनी?
म्हाताऱ्याने श्वास आत ओढला.
आमच्या बेटांवर होकार असाच देतात,
श्वास आत घेता घेता.
रेडिओवर तो खरखरीत मिसळून जातो,
कान तयार लागतो.

सोरवोवुरहून बोट निघाली, चाळीस मिनिटांत पोचली.
लॉगबुकात तीन ओळी.

मे महिन्यात दुकानाच्या रांगेत माझ्यापुढे
एक म्हातारा आणि त्याची लेक.
दोन बल्ब, राईचा पाव, सुतळीचं रीळ.
पिशवी हवी का, काउंटरवरच्या मुलीने विचारलं.
त्याने श्वास आत ओढला.

‘मीच म्हटलं येऊ दे’:
हे वाक्य माझ्यापाशी आहे,
त्याच्या लेकीपाशी बहुधा नाही.
मी माझी कॉफीची पुडी पुढे सरकवली.
तो पिशवीचे बंद धरून बाहेर पडला,
वाऱ्यात,
अंगठा आत दुमडून.