नोंदवहीतली आठवी ओळ

संध्याकाळी सहाला मर्झूगाहून जीप येते.
उतरलेल्यांच्या हातावर मी पाणी घालतो,
खजूर देतो,
आणि मग नोंदवही पुढे करतो:
नाव, देश, पासपोर्टचा नंबर, सही.
सीमा जवळ आहे, पोलिसांना लागतं.
तूदाकाकू काळ्या तंबूच्या आडून बघते
आणि दर वेळी तोंड फिरवते.

तिच्या सासऱ्याच्या तंबूत
पाहुण्याला तीन दिवस नाव विचारत नसत.
आधी ताक, मग सावली, मग भाकर.
चौथ्या दिवशी, त्याने आपणहून सांगितलं तर, नाव.
"आणि तू उंबऱ्यातच झडती घेतोस."
तंबूला कुठला आलाय उंबरा, मी म्हणतो.
"तेच सांगतेय," ती म्हणते.

आज सात जण.
बेल्जियमचं एक जोडपं, वाटेतच काहीतरी बिनसलेलं.
एक दंतवैद्य. तिघी मैत्रिणी, एकसारख्या निळ्या फेट्यांत
(फेटे मीच विकले).
आणि एक म्हातारी, एकटी.
पासपोर्टच्या रकान्यात तिने नवऱ्याचा नंबर लिहिला,
चूक लक्षात आली तशी थांबली,
खाली आपला लिहिला,
वरचा खोडला नाही.

काकू निखारे बाजूला सारते,
कांदा, जिरं, चरबी भरलेली भाकर
तापल्या वाळूत पुरते.
सगळे वाळूचे फोटो काढतात.
भाकर निघते तेव्हा ती फडक्याने झटकते,
धुळीत पडलेल्या पोराला उठवून
दोन चापट्या माराव्यात तशी.
दंतवैद्य विचारतो, दाताखाली येत नाही का?
येते, मी म्हणतो. थोडी येतेच.

मग ढोल, मग चहा. चहाच्या तीन पेल्यांची गोष्ट
मी सांगायच्या आधीच त्यांना पाठ असते.

अकराला जनरेटर बंद करतो.
तेव्हा कुठे रात्र सुरू होते.

कुत्रं एकदाच भुंकलं आणि गप्प झालं.
दगडी माळावरून एक माणूस आला,
ओठांवर वाळूची खपली,
खांद्यावर रिकामी पखाल.
मी पायात चपला सरकवेपर्यंत
काकूने राख फुंकली होती,
ताकाचं भांडं त्याच्या हातात दिलं होतं.
कोण, कुठला, कुणाचा,
काही नाही.
त्याने पिऊन भांडं खाली ठेवलं, तिने पुन्हा भरलं.

म्हातारीच्या तंबूची कनात हलली.
ती गोधडी ओढून आली आणि शेकोटीशी बसली,
जणू दोघांपैकी कुणीतरी तिला हाक मारली होती.
काकूने तिच्याही हातात पेला दिला.
तिघांत मिळून एक भाषा नव्हती.
दुभाषा म्हणून मी पुढे झालो,
काकूने हातानेच बस म्हटलं.

मग त्या माणसाने बोटाने वाळूत खूण काढली:
दोन रेघा, एक टिंब.
हरवलेल्या सांडणीच्या उजव्या मांडीवरचा डाग.
दोन दिवस शोधतोय, एवढं तर मलाही कळलं.
म्हातारीने वाकून खूण नीट पाहिली,
डोळे मिटून आठवलं
आणि हळू मान हलवली: नाही, मी नाही पाहिली.
इतकी मनापासून,
की त्याने छातीवर हात ठेवून तिचे आभार मानले.

पहाटे तो नव्हता.
पखाल भरून नेली होती, अर्धी भाकरही.
खूण होती, तिच्या कडेने
एका काळ्या किड्याची पावलं गेली होती.

नोंदवहीत सात नावं.
आठवी ओळ मी मोकळी सोडली,
नववीपासून उद्याचे लोक लिहितील.
पोलिसांनी विचारलं
तर म्हणेन, पेन चाललं नाही.

चौथा दिवस शुक्रवारी येतो.
तोवर त्याची सांडणी त्याला सापडो.