चार बोटं वर

शिरगुप्पे शेठ घसरायला गेलेत गुलमर्गला,
पायांना फळ्या बांधून, मुद्दाम, पैसे देऊन.
गाडी माझ्याकडं, उद्यमनगरात.
दोन सीटांची, पिवळी,
जमिनीपासून चार बोटं वर.
"गिअरचा आवाज तेवढा बघ, पांडबा."

आवाज रस्त्यावरच कळतो.
म्हणून पहाटे पाचला, कानटोपी घालून,
शेजारी इर्शाद,
बालिंग्याचा पूल, मग कळ्याकडं.
थंडी अशी की पाना तळहाताला चिकटावा.

प्रत्येक स्पीडब्रेकरला गाडी तिरकी घ्यायची,
म्हशीनं ओढ्यात उतरावं तशी, एकेक पाय चाचपत.
तरी पोट घासलंच.
इर्शादनं डोळे मिटले.

काट्यावर आकडे तीनशेपर्यंत,
आणि पुढं उसाची ट्रॉली.
लाल दिवा नाही, रेडियम नाही,
नुसता टेपचा दणदणाट.
साळवणपर्यंत आम्ही वीसनं, तिच्या मागं.
बॉनेटवर पाचट पडत राहिलं.

मग मोकळा रस्ता.
किती? तीन वळणं असतील.
तिसऱ्याला गिअर बोलला काय ते.
बेअरिंग.

गगनबावड्याला, घाटाच्या तोंडाशी थांबलो.
खाली कोकण नव्हतंच.
पांढरं, सपाट, काठोकाठ.
"हेच असंल की बर्फ," इर्शाद म्हणाला.
मला ठाऊक असलेला बर्फ भुशातला,
सायकलच्या कॅरिअरवर,
घरी पोचेस्तोवर अर्धी लादी.

चहा संपवून तो कडेला गेला,
गुडघे वाकवले, हात मागं,
शेठच्या फोटोत असतात तसे.

मागं सर, लेका.
खाली दरी हाय.