दहाव्या दिवसानंतर

जालन्यात, मोंढ्याच्या मागे, कॉलेजच्या जिन्याखाली
आमची प्रयोगशाळा.
दोन काचनळ्या, मासे पाळणाऱ्याचा एक पंप,
आणि बंद पडलेल्या लॉजच्या पाटीतून काढलेला ट्रान्सफॉर्मर,
तो रियाजोद्दीननं नव्यानं भरला.
उभ्या जन्मात त्यानं बोअरच्या मोटारीच भरल्या;
तांब्याच्या तारेची जाडी तो नखानं सांगतो.
पांडागळे मॅडम विचारतात, किती किलोव्होल्ट?
तो म्हणतो, "हात लावू नये इतके."

माझं काम मोजायचं.
ओल्या कागदाच्या गुंडाळीत मालदांडीचे शंभर दाणे,
चौथ्या दिवशी एकदा, दहाव्या दिवशी एकदा.
उगवलेला, वाकडा, कुजका, मुका.
मुका हा शब्द नियमात नाही.
तो माझा.

बटण दाबलं की नळीत काहीतरी जांभळं उभं राहतं.
ज्योत म्हणावी तर ऊब नाही.
बारीक तडतड,
आणि मग तो वास, वीज पडून गेल्यावर शिवारात राहतो तो.
वास आला की रियाजोद्दीन खिडकीकडं सरकतो.
त्याचा थोरला भाऊ, बदनापूरकडं, लिंबाखाली,
दुपारी तीनच्या सुमारास.
एवढंच सांगतो, आणि पक्कड शोधायला लागतो.
पक्कड त्याच्या खिशात असते.

पाणी मी घरून आणते.
आमच्या गल्लीत नळ अकराव्या दिवशी येतो,
तेव्हा ड्रमच्या तळाचं, हिरवट, वळवळतं पाणी
आमच्याकडं कधी कमी पडत नाही.
त्याच्यावर दहा मिनिटं ती वीज नाचवायची.
पहिल्यांदा मी विचारलं, मेले का?
मॅडम म्हणाल्या, मेले असं लिहायचं नाही,
"वाढ आढळली नाही" असं लिही.
आणि हवेतलं नत्र, जे फुकट असून कुणाच्या हाती लागत नाही,
ते म्हणे थोडंसं पाण्यात उतरतं, कोंबाला पचेल असं होऊन.
आभाळ हेच करतं.
फक्त त्याला बटण नाही.

सासूबाई म्हणाल्या, "बियाला करंट देता?
मंग त्या भाकरीनं झटका नाई बसायचा का?"
नाही म्हणाले.
"आमी राखंत घोळवायचो," त्या म्हणाल्या.
"राखंला मीटर नव्हतं."

चौथ्या दिवशी: वीज दिलेले एक्याऐंशी, साधे सत्तर.
मी जवळजवळ पळतच वर गेले.
दहाव्या दिवशी: त्र्याण्णव आणि अठ्ठ्याऐंशी.
मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या, पाचांनी काही सिद्ध होत नाही, पुन्हा.
पुन्हा केलं. पुन्हा.
एकदा उलटंच आलं, साधेच जास्त.
तेही त्याच शाईनं लिहिलं.
एकदा तिसऱ्या मिनिटाला लाईट गेली,
तो डबा बाद.
बाद दाणे कबुतरांना.
त्यांना फरक कळला असेल तर त्यांनी सांगितला नाही.

अकराव्या दिवशी गुंडाळ्या टाकायला घेतल्या
तर साध्यातल्या एका, मी मुका म्हणून खोडलेल्या दाण्याला
मूळ फुटलं होतं.
पांढरं, नखाच्या कडेएवढं.
नोंदवहीत दहानंतर रकाना नाही.
खाडाखोड करायची नसते, हे मीच नव्या पोरींना शिकवते.

चहाच्या कागदी कपात कुंडलिकेकाठची माती घातली,
दाणा ठेवला, कप खिडकीत.
"हा कुठला?" रियाजोद्दीननं विचारलं. "करंटवाला?"
"उशिरा आलेला," मी म्हणाले.
तो बराच वेळ बघत राहिला.
मग खिशातून पक्कड काढली
आणि कपाच्या बुडाला एक भोक पाडून दिलं,
पाणी साचू नये म्हणून.